शेवटच्या बगळ्यापासून

बांधावर काही बगळे बसले होते. त्यांतले निम्मे उडाले, आणि वर आणखी एक उडाला. राहिले त्यांतले निम्मे उडाले, आणि वर एक. पुन्हा राहिले त्यांतले निम्मे, आणि वर एक. शेवटी बांधावर एकच बगळा उरला. तर आधी किती होते?

हे कोडं जनीआत्यानं मनस्वीला घातलं तेव्हा मनस्वी तिसरीत होती आणि दोघी चिखलात उभ्या होत्या. जनीच्या हातात रोपाची मूठ, मनस्वीच्या हातात काहीच नाही. तिला नुसतं बरोबर यायचं होतं म्हणून आलेली. तिनं वीस म्हणून पाहिलं, तीस म्हणून पाहिलं. जुळेना.

"अशी सुरवातीला धरून बसशील तं बगळे काय गवसायचे नाय," जनी वाकल्या वाकल्या म्हणाली. "शेवटच्या बगळ्यापासून मागं ये. एक उरला ना? वर उडालेला एक त्याच्यात घाल. दोन झाले. हे निम्मे, तं दुप्पट कर. चार. आता परत तसंच कर. मंग परत."

चार नि एक पाच, दुप्पट दहा. दहा नि एक अकरा, दुप्पट बावीस. मनस्वी मोठ्यानं ओरडली तेव्हा खरे बगळे होते ते उडाले.

पुढं ती शहापूरला कॉलेजात गेली, आसनगावला मावशीकडे राहिली. तिथं एका सरांनी त्यांना हॅस्केल नावाची भाषा शिकवली. बाकीच्या भाषांत यंत्राला हुकूम सोडत जायचं: आधी हे कर, मग ते कर, हे पुसून त्या जागी ते लिही. इथं तसं नव्हतं. एक लहानसं काम नीट सांगायचं, त्याला नाव द्यायचं, आणि मग तेच काम एकावर एक रचायचं. 'निम्मे करून एक वजा' हे एक काम. ते तीनदा लावलं की बगळे उडाले. त्याचं उलटं तीनदा लावलं की बगळे परत बांधावर. सर म्हणाले, याला फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात. वर्गातली निम्मी पोरं वैतागली. मनस्वीला मात्र ही भाषा आधी कुठंतरी ऐकल्यासारखी वाटली.

आता ती पंचवीसची आहे. ठाण्याच्या एका कंपनीत काम करते. आठवड्यातून दोन दिवस जाते, बाकीचे दिवस वैशाखऱ्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला असलेल्या आपल्या पाड्यात, घराच्या ओटीवर बसून. काम संपलं की कोडी सोडवते. पाच घरांत कोण काय पितो, कोण खरं बोलतो, नावेतून शेळी कशी न्यायची. इतरांना पत्ते, तिला ही.

आणि पाड्यात जुलै महिन्यात दर वर्षी एक कोडं पडतं, ते कोणी कोडं म्हणत नाही एवढंच. पाच घरांची आवणी, म्हणजे भाताची लावणी, कोणत्या क्रमानं करायची.

पाच घरांची सावड आहे. म्हणजे माणसं मजुरीनं बोलवायची नाहीत. पाचही घरांनी मिळून एकेकाच्या खाचरात भात लावायचं, दोन दोन दिवस एका घराला. धाकलूआजाचं घर, गणूकाकाचं, मनस्वीच्या बाबांचं म्हणजे अनिलचं, जनीआत्याचं आणि बौद्धवाडीतल्या रत्नदीपचं. दहा दिवसांत पाच घरं हिरवी. क्रम धाकलूआजाच्या ओटीवर ठरतो, आणि ठरतो म्हणजे दर वर्षी तोच असतो. पहिलं धाकलूआजा, शेवटी जनी.

गेल्या वर्षी मधे पावसानं तीन दिवस खाल्ले आणि जनीचं रोप तेहेतीस दिवसांचं होऊन खाचरात गेलं. रोपाला पेरं धरली होती. लावलं तेव्हाच ते म्हातारं होतं. फुटवा फुटला नाही, लोंब्या आल्या त्या अर्ध्या पोकळ. जनीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन खर्डीला. एकटीच्या पोटाला लागणारं भात ती त्या खाचरातून काढायची, ते त्या वर्षी संक्रांतीलाच संपलं.

या वर्षी बुधवारी संध्याकाळी सगळे आजाच्या ओटीवर जमायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी जनी मनस्वीच्या ओटीवर टेकली. तिनं तंबाखूची मिसरी लावली होती. मग चूळ भरून म्हणाली, "या टायमाला शेवटचं हाय बघ. औंदा पण रोप म्हातारं झालं तं पुढल्या वर्षी राब नाय भाजायची, रोपच नाय पेरायची. खाचर टाकून दीन पडीक. आसनगावला गोदामात बाया घेतात, जाईन तिथं पोरीच्या ओळखीनं."

"आत्या, तू? गोदामात?"

"का? मला हात नायत?"

"आवणीची गाणी कोण म्हणेल मग?"

"मोबाईल म्हनंल," जनी म्हणाली आणि उठली.

मनस्वीनं लॅपटॉप उघडला.

पाच घरांचे एकशेवीस क्रम होतात. ते सगळे प्रोग्रॅमच्या एका ओळीत मिळतात. भाषेला ते ठाऊक असतं. मग त्यांवर चाळण धरायची. तांदूळ चाळताना आपण तांदळाला सांगत नाही तू कुठून जा. भोकाचा आकार ठरवतो, जायचं ते जातं, राहायचं ते राहतं. तसंच. एका अटीची एक चाळण, चाळणीखाली दुसरी चाळण, तळाला जे उरेल ते उत्तर. मनस्वीनं तीन अटी लिहिल्या. पहिलं घर धाकलूआजाचं, कारण त्यांच्याकडे गावदेवीचा दिवा आणि पहिल्या आवणीचा मान. चौथं घर रत्नदीपचं. तो मुरबाडला एका कचेरीत कारकून, त्याला शनिवार-रविवारच मोकळा. शनिवारी अमावास्या, तेव्हा आवणी रविवारी सुरू. दोन दोन दिवस मोजले की पुढच्या शनिवार-रविवारी चौथी पाळी पडते. आणि जनीआत्याचं घर तिसऱ्या पाळीपर्यंत. बाकीच्यांचं भात गरवं, उशिरा पिकणारं, त्यांचं रोप पस्तीस दिवसांचं झालं तरी हसतं. जनीचं हळवं, लवकर पिकणारं. तिचं खाचर सगळ्यांच्या खाली, ओहोळाला लागून, पण माती रेताड. पाणी धरत नाही, दसऱ्याआधी सुकतं, म्हणून तिथं हळवंच पेरावं लागतं. हळवं रोप पंचवीस दिवसांत लागलं पाहिजे. रविवारी ते एकोणीस दिवसांचं होणार होतं.

तळाला चार क्रम उरले. मनस्वी खूश झाली.

बुधवारी ओटीवर तिनं पहिला क्रम वाचून दाखवला. "धाकलूआजा, मग जनीआत्या, मग आम्ही, मग रत्नदीपदादा, मग गणूकाका."

गणूकाका असा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला.

"अगो माझे बाय! मी शेवटी? माझं खाचर सगल्यांच्या वर. मी शेवटी चिखलणी केली तं माझा गाळ उतरंल तुझ्या बापाच्या खाचरात, तिथून जनीच्या. तिचं नुकतं लावलेलं रोप गाडून टाकंल. तुझ्या कंपूटरला पाणी कुनीकडं जातं ते ठावं नाय?"

"त्याला कसं ठावं असंल," धाकलूआजा शांतपणे म्हणाला. "ते कधी भिजलंय का?"

सगळे हसले. बाबाही हसले. मनस्वीला राग आला नाही, कारण गणूकाकाचं बरोबर होतं. पाणी वरून खाली जातं हे तिनं लिहिलंच नव्हतं. कोणी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला सांगितलं नव्हतं, कारण ते इथं कोणी कोणाला सांगत नाही. जन्मापासून पायाला ठाऊक असतं.

तिनं तिथंच आणखी एक अट लिहिली: गणूकाका आमच्या आधी, आम्ही जनीआत्याच्या आधी. आजाचं आणि रत्नदीपचं खाचर दुसऱ्या अंगाला, त्यांचं पाणी वेगळं. चाळण लावली.

पडद्यावर दोन चौकोनी कंस आले. त्यांच्या मधे काही नाही. रिकामी यादी.

"काय म्हनतो?" रत्नदीपनं विचारलं. तो मुरबाडहून मोटरसायकलवर आलेला, अंगात अजून कचेरीचा शर्ट.

"एकही क्रम बसत नाही."

"मंग दर वर्षी कसा बसतो?" गणूकाका म्हणाला.

हा प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर काढायला मनस्वीनं एकेक चाळण काढून बघितली, बाकीच्या तशाच ठेवून. रत्नदीपची सुट्टी काढली, तरी यादी रिकामी. पाणी काढलं, तर मघाचेच चार. जनीआत्याची मुदत काढली, तर एक क्रम आला: धाकलूआजा, गणूकाका, आम्ही, रत्नदीपदादा, जनीआत्या. अगदी दर वर्षीचा. तो तिनं वाचला तेव्हा जनी खांबाला टेकून बाहेर बघत होती.

"असा बसतो," मनस्वी म्हणाली. "आत्याचं रोप सोडून दिलं की बसतो."

आता कोणी हसलं नाही.

"आनि पयलं घर काढलं तं?" रत्नदीपनं विचारलं. त्याला कोडी आवडत. मुरबाडला जाताना तो पेपरातली सोडवायचा.

मनस्वीनं ती चाळण काढली. एकच क्रम. गणूकाका, आम्ही, जनीआत्या, रत्नदीपदादा आणि शेवटी धाकलूआजा. तिला कॉलेजातल्यासारखा आनंद झाला, आणि त्या आनंदात तिनं एक चूक केली. ती म्हणाली, "आजा, तुमची अट काढली की सगळं बसतं."

धाकलूआजानं चहाची बशी खाली ठेवली.

"माजी अट?" तो म्हणाला. "माजी कसली अट गो? मी कंदी अट घातली कोनाला? देवीचा दिवा माज्या घरात चार पिढ्या हाय. तो मी मागून आनलेला नाय." तो उठला, भिंतीला हात लावत घरात गेला. वरच्या माळ्यावरून एक कोंबडी उडून खाली आली आणि ओटीवरून तुरुतुरु गेली. बैठक मोडली.

वाटेत जनीआत्यानं मनस्वीला धरलं. "तुला कोनी सांगितलं व्हतं? माजं रोप माज्याशी. उद्या आजा सावड सोडून गेला तं पाचाची चार घरं व्हतील, मंग तुमचंबी अडंल. तवा काय करशील? तुज्या डब्याला लावायला पाठवशील?"

"पण आत्या, तूच शिकवलंस ना, शेवटच्या बगळ्यापासून—"

"बगळे व्हते ते," जनी म्हणाली. "माणसं नव्हती."

गुरुवारी मनस्वीनं कंपनीचं काम केलं, पण मधे मधे त्या चार ओळींकडे बघत राहिली. रोप थांबत नाही. पाणी चढत नाही. कचेरी सुट्टी बदलत नाही. चारांतली एकच अट माणसांनी केलेली होती, हे पडद्यावर दिसतच होतं. पण हेही खरं की हॅस्केलला धाकलूआजाची ओटी माहीत नव्हती. आजाचे दोन्ही मुलगे कल्याणला. वर्षभर त्या अंगणात दोन म्हातारी माणसं आणि कोंबड्या. आवणीच्या पहिल्या दिवशी मात्र पाच घरं त्याच अंगणातून निघायची, कोणी इरलं शोधतंय, कोणी दोरी, कोणी चहाला आलं मागतंय. त्या दिवशी आजा मोठ्यानं बोलायचा. मान म्हणजे तेवढंच होतं. पण आजाकडे तेवढंच होतं.

शुक्रवारी सकाळी ती त्यांच्याकडे गेली, लॅपटॉप न घेता. धोंडूआजी पडवीत सुकट निवडत होती. आजा कोपऱ्यात कोयत्याला धार लावत होता आणि बघत नव्हता.

"आजा, चुकले मी," मनस्वी म्हणाली. "अट नव्हतं म्हणायचं."

"हं."

"मला फक्त समजून घ्यायचंय. मी काय लिहायचं तिथं? मान म्हणजे नेमकं काय करायचं?"

"पयली आवणी माज्या खाचरात. सगल्यांना ठावं हाय."

"पहिली आवणी म्हणजे दोन दिवस? सगळं खाचर?"

आजानं धार लावणं थांबवलं नाही. पण धोंडूआजीनं सुकटीतून हात काढला.

"दोन दिवस कसले," ती म्हणाली. "मी या घरात आले तवा सासू मला सकाळी घेऊन जायची. खाचरात देवीच्या कोन्यात पाच मुठी लावायच्या, हळद-कुंकू, नारळ. झालं. मंग सगळी माणसं जिथं रोप झालेलं असंल तिथं. आमचं खाचर कंदी कंदी तं शेवटीच व्हायचं, गरवं ना आमचं."

"काय सांगतंस!" आजा म्हणाला.

"मंग काय खोटं सांगते? तुमी तवा गाई घेऊन रानात. बायांची आवणी तुमाला काय ठावं?" आणि तिनं वाकून, सुकटीच्या वासाच्या हातानं गुडघ्यावर ताल धरून, पातळ आवाजात म्हटलं:

"पयली गो मूठ देवीच्या कोन्यात,
दुसरी गो मूठ भुकेल्या खाचरात."

हे गाणं तिनं शंभर वेळा ऐकलं होतं. जनीआत्याच म्हणायची, दर वर्षी, पहिल्या दिवशी, धाकलूआजाच्या खाचरात उभी राहून. पहिली ओळ झाली की दुसरी, आणि दुसरी झाली तरी माणसं तिथंच.

"मग दोन दिवस कधीपासून झाले?"

"माणसं कमी झाली तवापासून," धोंडूआजी म्हणाली. "पाच मुठीसाठी इथं यायचं, मंग दुसरीकडं जायचं, कोन करंल? तुज्या आजोबानंच सांगितलं असंल, आलोच हाय तं लावूनच टाकू. एका वर्षी केलं, दुसऱ्या वर्षी केलं, मंग तोच मान झाला." ती आजाकडे वळली. "आन् तुमी पन गप बसलात. बरंच व्हतं ना!"

आजानं कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "माणसं इथनंच निघतील?"

"इथनंच निघतील, आजा," मनस्वी म्हणाली. "पहाटेचा चहा इथंच. पाच मुठी आधी, मग वर गणूकाकाकडे."

"आन् शेवटची पाळी माजी."

"हो."

"शेवटी हात थकलेले असतात," आजा म्हणाला. "वळी वाकड्या येतात."

"दर वर्षी जनीच्या वाकड्या यायच्या," धोंडूआजी सुकटीकडे बघत म्हणाली. "तवा नाय दिसल्या तुमाला?"

आजानं कोयता खुंटीला अडकवला. संध्याकाळी तो स्वतःच गणूकाकाकडे गेला आणि रविवारी चिखलणीचा टिलर तुझ्या खाचरात घाल म्हणून सांगून आला. गणूकाकानं विचारलं, का रे बाबा, कंपूटर जिंकला का? आजा म्हणाला, कंपूटर नाय, म्हातारी.

मनस्वीनं घरी येऊन ती चाळण पुसली. तिच्या जागी दुसरी लिहिली नाही. पाच मुठी कुठल्याही घराच्या आधी पडतात. त्यांनी क्रमाला धक्का लागत नाही. ती अट मुळात क्रमाबद्दल नव्हतीच. तळाला एक ओळ उरली होती, ती तिनं कागदावर लिहून ओटीच्या खांबाला चिकटवली.

रविवारी उजाडता उजाडता आजाचं अंगण भरलं. आलं कोणीतरी मागितलंच. देवीच्या कोन्यात पाच मुठी लागल्या, नारळ फुटला. रत्नदीप कडेला उभा होता. देवीचं त्याच्याकडे काही नव्हतं, पण त्यानं आजाच्या हातातला कोयता आणि नारळाची वाटी धरली, आणि खोबऱ्याचा तुकडा त्यानंही खाल्ला. त्याला त्या दिवशी दुपारी घरच्या एका कामाला मुरबाडला जायचं होतं, म्हणून गणूकाकाच्या खाचरात अर्धा दिवस राबून गेला. बाकी त्याची बायको होती. जनीनं गाण्याची पहिली ओळ म्हटली, आणि दुसरी ओळ म्हणेपर्यंत माणसं चढणीला लागली होती. तिचा आवाज मधेच थांबला. मग चालता चालता तिनं ती ओळ पुन्हा म्हटली.

सोमवारी गणूकाकाचं झालं. मंगळवारी अनिलचं सुरू झालं. बुधवारी दुपारी माळशेजकडून असा पाऊस आला की समोरचा माणूस दिसेना. बांध फुटू नयेत म्हणून सगळे फावडी घेऊन पळाले आणि अर्धा दिवस गेला. मनस्वीच्या घरचं अर्धं खाचर राहिलं ते गुरुवारी सकाळी. जनीच्या खाचरात पाऊल पडलं ते गुरुवारी दुपारी.

"तुज्या यादीत अर्धा दीस व्हता का?" आजानं मनस्वीला विचारलं. तो रोपाच्या मुठी बांधून देत होता.

"नव्हता, आजा."

"मंग लिव पुढच्या टायमाला."

शुक्रवारी संध्याकाळी ओहोळाकडचा चौथा हिस्सा राहिला. रोप चोवीस दिवसांचं. दुसऱ्या दिवशी शनिवार, रत्नदीपची पाळी; त्याला आवणीसाठी वर्षात हेच दोन दिवस. जनी बांधावर बसून पाय धूत होती आणि कोणाकडे बघत नव्हती. सगळे घरी गेले.

शनिवारी सकाळी माणसं रत्नदीपच्या खाचराकडे निघाली, तर वाटेत रत्नदीपच पँट गुडघ्यावर दुमडून जनीच्या खाचरात उभा. त्यानं दोन ओळी लावून झाल्या होत्या. त्याही सरळ नव्हत्या.

"अरे दादा, तुझं?" मनस्वीनं विचारलं.

"माजं दुपारपासनं. उरलं तं सोमवारी सकाळी तुमी करा, बायको हाय तिथं. आजाचं अर्धा दीस पुढं जाईल." त्यानं वर बघितलं. "का वो आजा?"

"मला काय विचारतो," आजा म्हणाला, "मी शेवटचाच हाय." आणि धोतर खोचून चिखलात उतरला.

पंचवीसाव्या दिवशी, सूर्य डोक्यावर यायच्या आधी, जनीचं खाचर लागलं. तिनं शेवटची मूठ लावताना गाणं म्हटलं नाही. दर वर्षी तिच्या खाचरापर्यंत येईतो गाणी संपलेली असायची, तिला बहुधा सवयच नव्हती. गणूकाका म्हणाला, "काय गो, आज मोबाईल बंद?" तेव्हा तिनं त्याच्या अंगावर चिखल उडवला.

आजाची आवणी बुधवारी दुपारी संपली. हात खरंच थकलेले होते आणि ओळी खरंच वाकड्या आल्या. पण पुढं कोणाला कुठं जायचं नव्हतं, म्हणून सगळे अंगणात बसून राहिले, तांदळाच्या भाकरी आणि सुकटीचं कालवण संपेपर्यंत, आणि संपल्यावरही. आजा मोठ्यानं बोलत होता. आपल्या आजीच्या वेळी पाच मुठी कशा लावत, हे तो सगळ्यांना सांगत होता, जसं काही त्यानं स्वतः पाहिलेलं. धोंडूआजीनं मान हलवली आणि पुढच्याला भाकरी वाढली.

परतताना जनी आणि मनस्वी ओहोळाकडून आल्या. जनीचं रोप लावून चार-पाच दिवस झाले होते. लावलं की रोप पिवळं पडतं, मान टाकतं. ते जगलं की नाही ते हिरवं वळल्यावरच कळतं. दोघी बांधावर थांबल्या. रत्नदीपच्या वाकड्या ओळींपर्यंत सगळं खाचर हिरवं वळलं होतं. कडेला दोन बगळे होते, ते पाण्यात काही शोधत होते.

जनी खाली उतरली, एका रोपाला बोटानं चाचपून बघितलं, मुळाशी दाबलं. मग खाचराच्या वरच्या अंगाला चार पावलं चालत गेली. तिथला एक तुकडा मोकळाच ठेवलेला असतो, उन्हाळ्यात पालापाचोळा टाकून जाळायला, म्हणजे राब भाजायला; त्या भाजलेल्या मातीत पुढचं रोप पेरतात. तिथं पाण्यानं माती वाहून खळगा पडला होता. तिनं पायानं तो सारखा केला, शेजारचा एक दगड उचलून वाहत्या बाजूला लावला, मग दुसरा.

"त्यो मोठा आन गो इकडं," ती मनस्वीला म्हणाली. "आत्ताच धरलं नाय तं पुढल्या वर्षी राब कुठं भाजू?"

मनस्वी चप्पल काढून खाली उतरली आणि दगड उचलला.